सोसायटीची मातृभाषा

खजिनदार व्हायला कोणी तयार नव्हतं, म्हणून मी झालो. खरं तर झालो असंही नाही. वार्षिक सभेला दहा मिनिटं उशिरा पोचलो, तोवर मला करून झालं होतं. ‘ते कॉम्प्युटरवाले आहेत, बिलांचं बघतील,’ एवढ्यावर ठराव मंजूर, सूचक-अनुमोदकांसह मिनिट्समध्ये नोंद. कॉम्प्युटरवाला माणूस प्रिंटर दुरुस्त करतो, शेजाऱ्यांना रेल्वेची तिकिटं काढून देतो आणि सोसायटीची बिलं करतो, अशी पुण्यात पक्की समजूत आहे. गेली बावीस वर्षं मी हिंजवडीला जाऊन नेमकं काय करतो, हे आमच्या मजल्यावर कोणालाच ठाऊक नाही. आमच्या मॅनेजरलाही नसावं.

मावळत्या खजिनदारांनी पेन ड्राइव्ह माझ्या हातावर ठेवला, तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर सजा संपल्याचं समाधान होतं. आत एक एक्सेलची फाइल. तिच्यात चौदा शीट्स, त्यातल्या तीन लपवलेल्या. एका शीटच्या माथ्यावर लाल अक्षरांत ‘कोणीही हात लावू नये’. हात कशाला लावू नये हे कळावं म्हणून मी हात लावला, तर आत ‘इफ’मध्ये ‘इफ’, त्यात आणखी ‘इफ’. आमची इमारत पाच मजली आहे. हे सूत्र नऊ मजली होतं आणि त्याला लिफ्ट नव्हती.

सिंकिंग फंड बांधकाम खर्चाच्या दरसाल पाव टक्का. दुरुस्ती निधी पाऊण टक्का. फ्लॅट भाड्यानं दिला असेल तर बिनभोगवटा शुल्क. थकबाकीवर वार्षिक एकवीस टक्के सरळ व्याज. दुसरी चारचाकी असेल तर वेगळे पैसे, आणि ती चेअरमनची असेल तर वेगळी चर्चा. हे सगळं त्या सूत्रांत होतं, पण कुठे काय आहे हे सूत्र सांगत नव्हतं. आणि एका ओळीच्या शेवटी, कसलाही संदर्भ नसलेलं, ‘फ्लॅट ३०४ असेल तर अधिक १५०’.

“हे दीडशे कसले?” मी मावळत्यांना विचारलं.

“ते असू द्या,” ते म्हणाले. “मला माझ्या आधीच्यांनी असू द्या सांगितलं होतं.”

आता कोणत्याही शहाण्या माणसानं ते असू दिलं असतं. पण मी डेव्हलपर. आपल्या जमातीचा एक रोग आहे: अर्ध्या तासाचं काम हातानं करायचं नाही, ते करणारं यंत्र सहा महिने बसून बनवायचं. त्यातून त्याच सुमारास मी ‘लँग्वेज-ओरिएंटेड प्रोग्रामिंग’ या प्रकरणावर काहीबाही वाचत होतो. मराठीत सांगायचं तर ‘आधी भाषा, मग प्रोग्राम’. एरवी आपण काय करतो? विषय असतो सोसायटीचा, विम्याचा नाहीतर साखर कारखान्याचा, आणि तो आपण जावा किंवा पायथनमध्ये कोंबतो. कोंबताना विषयाचे हातपाय मोडतात, त्याला आपण ‘डिझाइन’ म्हणतो. या पंथाचं म्हणणं असं की आधी त्या विषयाची स्वतःची एक छोटी भाषा तयार करा, ज्यात ‘थकबाकी’, ‘सदस्य’, ‘पार्किंग’ हेच शब्द असतील. मग तुमचा प्रोग्राम म्हणजे त्या भाषेतली चार-सहा सरळ वाक्यं.

कल्पना ताजी नाही. मार्टिन वॉर्ड या संगणकशास्त्रज्ञानं १९९४ साली याच नावाचा निबंध लिहिला. २००४ मध्ये जेटब्रेन्स या कंपनीचे एक संस्थापक सर्गेई द्मित्रियेव यांनी लेख लिहून हीच प्रोग्रामिंगची पुढची रीत असल्याचं जाहीर केलं, आणि त्यासाठी कंपनीनं एक अवजारही बनवलं: मेटा प्रोग्रामिंग सिस्टीम, लाडानं एमपीएस. फुकट मिळतं. पुढच्याच वर्षी मार्टिन फाउलरनं अशा अवजारांना ‘लँग्वेज वर्कबेंच’ असं बारसं करून दिलं. वर्कबेंच म्हणजे सुताराचं ठोकळ्या-शिकंजांचं टेबल, पण त्यावर खुर्ची बनवायची नसून व्याकरण बनवायचं.

मी हे मोठ्या उत्साहानं आईला सांगितलं. ती नातवासाठी स्वेटर विणत होती. पुढ्यात एका जुन्या मासिकातून कापलेला नमुना होता. तो मी पहिल्यांदाच नीट वाचला. ‘२ सुलट, १ उलट, फुलीपासून फुलीपर्यंत पुन्हा, शेवटचे ३ सुलट. अशा ८ ओळी. बगलेसाठी दोन्ही कडांना ४ टाके बंद.’ मी थक्क झालो. यात लूप होता. लूपच्या बाहेरची शेवटची अट होती. ‘पुढच्या भागासाठी पाठीप्रमाणेच, गळ्यापर्यंत’ म्हणजे चक्क फंक्शनला हाक. आणि एकही वाक्य असं नव्हतं की ज्याचा विणकामाशी संबंध नाही.

“आई, ही भाषा आहे!”

“मग काय मुकं असतं का?” ती म्हणाली. आणि टाके मोजायला लागली. थोड्या वेळानं मान वर न करता तिनं विचारलं, “तुझ्या त्या भाषेत विणायला कोण बसणार आहे?”

हा प्रश्न मी तेव्हा कानाआड केला. सगळा लेख या प्रश्नाभोवती आहे, हे मला पुढे चार महिन्यांनी कळलं.

आमचे सेक्रेटरीकाका बँकेतून निवृत्त झालेले आहेत आणि संस्कृतचे व्यासंगी आहेत. पुण्यात कुठलीही नवी गोष्ट सांगितली, की ती आधी कोणी करून ठेवली आहे हे सांगणारा एक माणूस हजर असतोच. काकांनी माझं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, “हे पाणिनीनं केलंय.” गंमत म्हणजे काका बरोबर होते. अष्टाध्यायीत सुमारे चार हजार सूत्रं आहेत, आणि ती लिहिण्याआधी पाणिनीला सूत्रं लिहिण्याची भाषा लागली. चौदा शिवसूत्रांत वर्ण अशा क्रमानं मांडले आहेत, की त्यांतून ‘अच्’ म्हटलं की सगळे स्वर आणि ‘हल्’ म्हटलं की सगळी व्यंजनं. शाळेत ‘पाय मोडलेला, हलन्त’ म्हणून आपण ज्याला हिणवायचो, त्या शब्दात पाणिनीचं व्हेरिएबल दडलेलं आहे. प्रोग्रामिंगच्या भाषांचं व्याकरण ज्या रीतीनं मांडतात, तिला पाणिनी-बॅकस रीत म्हणावं, अशी सूचना १९६७ साली एका अमेरिकी संगणकतज्ज्ञानं केली होती. हे मी काकांना सांगितलं ही माझी चूक. त्यानंतर पंधरा दिवस सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर पाण्याच्या टँकरऐवजी पाणिनी चालू होता.

एमपीएस उतरवून घेतलं तो एक रविवार होता. पुढचे सतरा रविवार कुठे गेले, हे बायको सांगू शकेल.

पहिला धक्का असा की त्यात लिहिता येत नाही. म्हणजे कळफलक चालतो, अक्षरं उमटतात, पण आपण नेहमी ज्याला लिहिणं म्हणतो ते हे नव्हे. साध्या एडिटरमध्ये आपण मजकूर लिहितो आणि संगणक मागाहून तो वाचून त्याचा अर्थ लावतो, नाही लागला तर ओरडतो. एमपीएसला मजकूर ही गोष्टच मान्य नाही. आत असतं एक झाड: नियम ही फांदी, अट ही डहाळी, रक्कम हे पान. पडद्यावर दिसतं ते त्या झाडाचं चित्र. तुम्ही अक्षर टंकता तेव्हा खरं तर झाडाला पान जोडता. त्यामुळे अर्धवट, चुकलेलं वाक्य फार वेळ राहूच शकत नाही. आणि बॅकस्पेस दाबला की अक्षर जाण्याऐवजी कधी काहीच होत नाही, तर कधी फांदीच खाली येते. बावीस वर्षं टायपिंग करणारा मी पहिल्या दिवशी ‘जर’ या शब्दाच्या पुढे सरकू शकलो नाही.

याचा फायदा मोठा आहे, तोही सांगायला हवा. मजकूरच नाही म्हटल्यावर व्याकरणाची भांडणं मिटतात. कोडच्या मधोमध तक्ता घालता येतो. गणितातला अपूर्णांक वर-खाली मांडून दाखवता येतो. दोन वेगळ्या भाषा एकाच पानावर गुण्यागोविंदानं नांदतात. सी भाषेत यंत्रांतल्या छोट्या कंट्रोलरचे प्रोग्राम लिहिणाऱ्यांसाठी एमबेडर नावाचा एक मोठा संसार याच पायावर उभा राहिला. नेदरलँड्सच्या करखात्यानं करांचे नियम डच वाक्यांसारख्या दिसणाऱ्या भाषेत लिहायला घेतले, तेही एमपीएसवरच. हे वाचून माझी छाती फुगली. डच सरकारचा आयकर आणि आमच्या सोसायटीचा मेंटेनन्स यांत तत्त्वतः फरक काय? दोन्ही देणाऱ्याला जास्त वाटतात आणि घेणाऱ्याला पुरत नाहीत.

दुसरा धक्का. एमपीएसमध्ये आपली भाषा बनवायची तर ती कशात बनवायची? एमपीएसच्याच भाषांमध्ये. भाषेत कोणकोणत्या वस्तू असतील हे सांगायची एक भाषा. त्या पडद्यावर कशा दिसतील हे सांगायची दुसरी. काय कुठे बसवू नये याची तिसरी, वस्तूंनी कसं वागावं याची चौथी, रकमेत तारीख मिसळू नये हे पाहणारी पाचवी, आणि शेवटी या सगळ्याचं जावा करून देणारी सहावी. सहा भाषा शिका, म्हणजे सातवी करता येईल. आमच्याकडे मुंज लागली की आधी मांडव, मांडवासाठी केटरर, केटररसाठी पाहुण्यांचा आकडा, आकड्यासाठी काकूंशी बोलणं आणि त्यासाठी सहा वर्षांपूर्वीचं भांडण मिटवणं, असा क्रम असतो. तसंच. मुंजीचा मुलगा मधल्या मध्ये कॉलेजात जातो.

पण नवव्या रविवारी ते घडलं. मी लिहिलं (म्हणजे जोडलं): ‘फ्लॅट भाड्याने दिलेला असल्यास बिनभोगवटा शुल्क = सेवा शुल्काच्या १० टक्के.’ मराठीत. आणि खाली बिल तयार झालं. मग गंमत म्हणून दहाच्या जागी बारा केले. लगेच खाली लाल रेघ. राज्य शासनानं २००१ साली या शुल्काला सेवा शुल्काच्या दहा टक्क्यांची मर्यादा घातली आहे, ती मी भाषेच्या पोटात घालून ठेवली होती. आता सभेत कोणी कितीही आवाज चढवला असता, तरी ही भाषा अकरा म्हणायला तयार नव्हती. सोसायटीच्या इतिहासात प्रथमच कोणीतरी नियमाला धरून होतं. मी बायकोला हाक मारून ती लाल रेघ दाखवली. ती म्हणाली, “चूक दाखवतंय की. यात आनंद कसला?” बाहेरच्या माणसाला हे समजावणं कठीण आहे. स्वतः घडवलेल्या भाषेनं आपल्यालाच ‘असं म्हणता येणार नाही’ सांगावं, यासारखं सुख नाही. मूल पहिल्यांदा आपली चूक काढतं तेव्हा होतो तो आनंद, फक्त इथे पुढची वीस वर्षं ते सहन करावं लागत नाही.

मग आला दीडशेचा प्रश्न. जुन्या सूत्रात ‘फ्लॅट ३०४ असेल तर अधिक १५०’ हे बिनदिक्कत बसत होतं. माझ्या भाषेत ते बसेना. माझ्या भाषेत प्रत्येक आकारणीला नाव लागतं, ठरावाची तारीख लागते आणि संपण्याची अट लागते. हे तीन रकाने मीच सक्तीचे केले होते आणि आता मलाच ते भरता येत नव्हते. शेवटी जुनी मिनिट्सची वही काढली. नऊ-दहा वर्षांपूर्वी ३०४ मधल्या सामान हलवण्यात लिफ्टचा आरसा फुटला होता. त्याची भरपाई दरमहा दीडशेप्रमाणे दहा महिने घ्यावी, असं ठरलं होतं. दहा महिने संपले. सूत्राला कोणी सांगितलंच नाही. त्यानंतर नऊ वर्षं, दर महिन्याला, आरसा फुटतच राहिला.

३०४ मध्ये कोण राहतं? सेक्रेटरीकाका. साऱ्या सोसायटीची बिलं तपासून सही करणारे काका. “काका, तुमच्या कसं लक्षात आलं नाही?” मी विचारलं. ते म्हणाले, “माझ्याच सहीच्या बिलावर मी संशय घेऊ?” मग कागद ओढून त्यांनी हिशोब मांडला. एकशे आठ महिने, दरमहा दीडशे, सोळा हजार दोनशे रुपये. “आणि थकबाकीवर तुम्ही एकवीस टक्के लावता ना? मग हे सोसायटीकडे थकलेलंच होतं.”

तेवढ्यावर थांबलं असतं तर बरं होतं. ‘भाड्याने दिलेला’ या शब्दाची व्याख्या भाषेत घालताना असं निघालं, की न्यू जर्सीत असलेल्या एका सदस्याकडून आपण गेली तीन वर्षं बिनभोगवटा शुल्क घेत होतो. त्याचा फ्लॅट नुसता कुलूपबंद होता. हे शुल्क भाड्यानं दिलेल्या घरासाठी असतं, बंद घरासाठी नव्हे. पण ‘बिनभोगवटा’ या शब्दानं सगळ्यांना चकवलं होतं, कारण भोगवटा नाही म्हणजे घरात कोणी नाही, असाच कोणालाही अर्थ लागेल. मग विवाहित मुलगी राहत असेल तर ती भाडेकरू का? नाही. भाचा? यावर कार्यकारिणीत दोन तास गेले. दोन तास एका शब्दाच्या अर्थावर! मी तृप्त मनानं ऐकत होतो. आयुष्यभर ज्याला आम्ही ऑफिसात ‘रिक्वायरमेंट’ म्हणतो, ती अशी समोर तावातावानं भांडत असताना मी पहिल्यांदाच पाहिली. माझ्या भाषेनं पहिल्या दोन महिन्यांत केलेलं एकूण काम म्हणजे सोसायटीचं देणं वाढवलं.

आता मुख्य परीक्षा. हे सगळं कशासाठी, तर नियम ठरवणाऱ्यानंच नियम लिहावेत, मध्ये प्रोग्रामर नको. हे स्वप्न आमच्या धंद्याइतकंच जुनं आहे. १९५९ साली कोबॉल जन्मली ती इंग्रजी वाक्यांसारखी, की साहेबलोकांना वाचता यावी. साहेबांनी वाचली नाही. कोबॉल लिहिणाऱ्यांची एक वेगळी जात तयार झाली. १९७४ मध्ये आयबीएममधल्या दोघांनी मांडलेली सीक्वेल, म्हणजे आजची एसक्यूएल, हीसुद्धा प्रोग्रामर नसलेल्यांना माहिती विचारता यावी म्हणून होती. आज एसक्यूएल येतं म्हणून लोकांना नोकऱ्या लागतात. ज्यांच्यासाठी भाषा करावी ते फिरकत नाहीत आणि ज्यांना टाळण्यासाठी करावी तेच येऊन बसतात.

मी सेक्रेटरीकाकांना लॅपटॉपसमोर बसवलं. त्यांनी चष्मा पुसला, दोन बोटांनी सुरुवात केली. तिसऱ्या शब्दाला चुकले, बॅकस्पेस दाबला, दाबतच राहिले. मग व्हॉट्सअॅपवरचा नियम कॉपी करून डकवायला गेले. झाडानं मजकूर नाकारला. मी म्हटलं, “काका, कंट्रोल आणि स्पेस दाबा, काय काय चालेल ते ते सांगेल.” त्यांनी दाबलं. यादी आली. त्यांनी ती वरून खालपर्यंत वाचली आणि चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं.

“हे मला लिहू देत नाहीये,” ते म्हणाले. “नुसतं भरू देतंय. अहो, हे बँकेचं चलन आहे!”

अशा झाडाचं चित्र दाखवणाऱ्या, म्हणजे ‘प्रोजेक्शनल’, एडिटरवर मी इंग्रजीत पुष्कळ वाचलं होतं. इतकं नेमकं कोणी बोललं नव्हतं.

त्या रात्री मला त्या हंगेरियन गृहस्थाची आठवण झाली. चार्ल्स सिमोनी. मायक्रोसॉफ्टमध्ये वर्ड आणि एक्सेल ज्याच्या देखरेखीखाली घडले तो माणूस. त्यानंही आयुष्यातली अनेक वर्षं हाच ध्यास घेतला: प्रोग्रामरनं मजकूर लिहू नये, हेतू मांडावा. त्यासाठी त्यानं २००२ मध्ये मायक्रोसॉफ्ट सोडून स्वतःची कंपनी काढली. २००७ आणि २००९ अशा दोनदा तो स्वखर्चानं अंतराळात जाऊन सुखरूप परत आला. त्याची कंपनी २०१७ मध्ये मायक्रोसॉफ्टनंच विकत घेतली. अंतराळात दोन खेपा झाल्या, पण ते अवजार काही आमच्या-तुमच्या टेबलापर्यंत पोचलं नाही. पोचलं ते त्याचं एक्सेल. माझ्या भाषेला सोसायटीत एक माणूस मिळेना, आणि पलीकडे साठ वर्षांच्या वहिनी भिशीचा हिशोब ‘इफ’ लावून करत होत्या. एक्सेलची सूत्रं हीसुद्धा एक छोटी भाषाच आहे, आणि ती बोलणाऱ्यांना आपण प्रोग्रामिंग करतो हे कोणी सांगितलेलं नाही, म्हणून ते घाबरत नाहीत.

ऑफिसात मी हा विषय काढून पाहिला. टीम लीडनं ऐकून घेतलं आणि विचारलं, “क्लायंटनं मागितलंय का?” नोकरीच्या एजन्सीतल्या मुलीनं रेझ्युमेवर एमपीएस वाचून “सर, हे मायक्रोसॉफ्टचं का?” एवढंच विचारलं. ही झाली बाजाराची बाजू. पण माझे आता डोळे उघडले होते. बघतो तर आमच्याच प्रोजेक्टमध्ये तीन घरगुती भाषा नांदत होत्या. एका कॉन्फिगरेशनच्या फाइलीत कोणीतरी आधी ‘इफ’ आणलं होतं, मग लूप आणला होता, आणि एक स्पेस चुकली तर अर्थ बदलत होता. तिचा कर्ता नोटीस पिरियड संपवून बंगळूरला गेलेला. महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत बंद करून ठेवले, आणि बाहेरच्या अभ्यासकांना ते उलगडायला विसावं शतक उजाडावं लागलं. त्यांच्याकडे निदान ग्रंथ जपण्याचं कारण होतं. आमच्याकडे नुसती डेडलाइन होती.

आणि एकदा सवय लागली की चूकही हलत नाही. प्रोग्राम बांधून देणारं ‘मेक’ हे अवजार १९७६ मध्ये बेल लॅब्जच्या स्टुअर्ट फेल्डमननं बनवलं. त्यात आज्ञेच्या ओळीच्या सुरुवातीला टॅबच हवा, स्पेस चालत नाही, हा नियम पुढे जगभरच्या लोकांना छळत आला. तो बदलायचं फेल्डमनच्या मनात आलं होतं, पण तोवर डझनभर लोक ते वापरायला लागले होते. त्यांची गैरसोय नको म्हणून राहिलं. बारा माणसं! आमच्याकडे पार्किंगच्या पिवळ्या रेघा चुकीच्या मारल्या गेल्या, त्याही याच कारणानं तशाच आहेत.

तर मग डेव्हलपरनं हे शिकावं का? मला आता लोक विचारतात. म्हणजे दोघांनी विचारलं. मी म्हणतो, शिका, पण नोकरीसाठी नको. तुमच्याकडे करखात्यासारखे शेकडो नियम असतील, ते दरवर्षी बदलत असतील आणि ते जाणणारी माणसं रोज त्यावरच बसणार असतील, तर एमपीएसची ती सहा भाषांची वरात काढणं परवडतं. नियम ठरवणारे तिघे असतील आणि तिघंही व्हॉट्सअॅपवर असतील, तर नाही परवडत. नुसती गोडी लागली असेल तर रॅकेट ही प्रोग्रामिंगची भाषा घ्या. तिथे छोटी भाषा उभी करायला सतरा रविवार लागत नाहीत. मात्र एकदा तरी पूर्ण भाषा बनवून पाहा. त्याशिवाय फुकट गेलेल्या दीडशे रुपयांचं नाव विचारायची सवय अंगी लागत नाही.

लेकीला हे पटत नाही. ती म्हणाली, “बाबा, एआयला सांग ना, तो करेल बिलं.” मी सांगितलं. त्यानं पाच मिनिटांत केली. सुबक, नेटकी. ३०४ चे दीडशेही इमानानं जोडले, आणि त्या रकमेला ‘विशेष सेवा शुल्क’ असं छान नावही स्वतःच्या मनानं देऊन टाकलं. कसले, असं मात्र विचारलं नाही.

शेवटी मी काय केलं ते सांगतो. माझ्या भाषेतले नियम, एकूण एकतीस, कागदावर छापून नोटीस बोर्डावर लावले. वाचायला ते मराठीच दिसत होते. लोक थांबून वाचत, एकमेकांना बोटानं दाखवत, चुका काढत. कुणी पेन्सिलीनं समासात दुरुस्त्याही केल्या. बिलं मी पुन्हा एक्सेलमध्ये काढायला लागलो, नव्या फाइलीत, एका शीटवर, ‘इफ’ दोन मजल्यांपेक्षा उंच जाऊ न देता. एमपीएस बंद केलं. काकांना सोळा हजार दोनशे परत दिले. व्याजाचा विषय पुढच्या सभेवर ढकलला आहे.

आईचा स्वेटर केव्हाच झाला. नातवाला आखूड झाला, तेव्हा तिनं नमुन्याच्या कागदावर ‘बाह्यांना ६ ओळी जास्त’ असं लिहून ठेवलं आणि तो डब्यात जपून ठेवला.

गेल्या आठवड्यात रात्री साडेनऊला काकांचा फोन आला. सोसायटीच्या छतावर सौर पॅनेल बसवायचं घाटतंय. त्याची वर्गणी कोणी किती द्यायची, तळमजल्याच्या दुकानांनी द्यायची का, भाडेकरूनं की मालकानं, यावरून आत्ताच तीन गट पडले आहेत.

“तुमच्या त्या चलनात,” काका म्हणाले, “हा नियम भरता येईल का? म्हणजे आधीच लाल रेघ कुठे येते ते कळेल.”

मी लॅपटॉप उघडला. मध्यंतरी एमपीएसची नवी आवृत्ती आली होती, ती मी उतरवून घेतली. तिनं माझा प्रोजेक्ट पाहिला आणि सांगितलं, की ही भाषा जुनी आहे, उघडण्याआधी तिचं स्थलांतर करावं लागेल. रविवारी बसतोय.